एक दिवस उशिराचा उपास

फेलिस्मिना बाजारात मोजे विकायची. पुरुषांचे लोकरी मोजे, बायकांचे ॲप्रन, पोरांचे सदरे, आणि ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांच्यासाठी काळे हातरुमाल. सोमवारी एक गाव, गुरुवारी दुसरं, आणि महिन्यातून एकदा तिच्या स्वतःच्या गावचा, फ्रागालचाच बाजार, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचा नवरा जेरोनिमू व्हॅन चालवायचा, तंबू ठोकायचा आणि मग दिवसभर स्टुलावर बसून राहायचा. ओरडायची ती. तिचा आवाज असा की पलीकडचा चीजवाला म्हणायचा, फेलिस्मिनाबाई, तुम्ही तुमचे मोजे विका, पण माझ्या मेंढ्यांचं दूध कशाला आटवता? ती म्हणायची, तुझं चीज वासानं विकलं जातं बाबा, माझ्या मोज्यांना वास येईपर्यंत मी थांबू का?

उन्हाळ्यात धुळीतून, हिवाळ्यात धुक्यातून हा आवाज त्या डोंगराळ मुलखात चाळीस वर्षं फिरला. माणसं तिला तोंडानं ओळखत नसतील, आवाजानं ओळखत.

वर्षातून एक दिवस मात्र ती घास घशाखाली जाऊ देत नसे आणि हा आवाज घशाबाहेर येऊ देत नसे. त्या दिवसाला त्यांच्यात, म्हणजे पाचशे वर्षांमागे जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यांत, शुद्ध दिवस म्हणत. आदल्या संध्याकाळपासून त्या संध्याकाळपर्यंत पोटात अन्न नाही, पाणी नाही. मागच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या. चार बायका डोक्याला पांढरं तागाचं फडकं बांधून भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मध्ये मातीच्या वाडग्यात एक वात. प्रार्थना त्यांच्याच बोलीत, आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेल्या. मूळ भाषेतला त्यात एकच शब्द उरला होता, देवाचं नाव: अदोनाय. तो उच्चारताना तर ओठसुद्धा जेमतेम हलायचे. लहानपणी फेलिस्मिनाचा आवाज जरा चढला की आई तिच्या ओठांवर बोट ठेवायची. त्या बोटाला कांद्याचा वास असायचा. ते बोट आयुष्यभर तिच्या ओठांवर राहिलं.

बाकी वर्षभर त्या इतरांसारख्याच. चर्चमध्ये बाप्तिस्मा, चर्चमध्ये लग्न, चर्चच्या आवारात दफन. रविवारी पुढच्या बाकावर. पाद्रीबुवांना सगळं ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर म्हणणं वेगळं, हा फरक फ्रागालमध्ये सगळ्यांना कळतो.

शुद्ध दिवस सप्टेंबरच्या चंद्राला धरून येतो. खरा दिवस अमावास्येनंतरचा दहावा. पण यांच्या घराण्यांत तो अकराव्या दिवशी पाळायचे. कारण एके काळी लपून राहिलेले यहुदी हुडकायला चर्चच्या धर्मन्यायालयाची माणसं दहाव्या दिवशी गल्लीतून फिरत आणि वर बघत. कुणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, कुणाच्या अंगात धुतलेला सदरा आहे. म्हणून कुणा एका बाईनं, तिचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही, ठरवलं की दहाव्या दिवशी चूल भडकवायची, खिडकी उघडी टाकून डुकराचं सॉसेज तळायचं, जे यहुदी माणूस तोंडात घालणार नाही. पाहणारे पाहून थकले, घरी जाऊन झोपले, की अकराव्या दिवशी उपास. देवाला एक दिवस थांबायला काय होतंय, ती बाई म्हणाली असेल. न्यायालय गेलं, राजेही गेले, दिवस मात्र तिथेच राहिला, सरकवलेला.

पुढे परदेशातून एक रब्बी, यहुद्यांचे धर्मगुरू, आले. सज्जन माणूस. त्यांनी पुरुषांना अक्षरं शिकवली, पुस्तकं दिली, आणि बायकांना समजावून सांगितलं की तुम्ही हा दिवस चुकीचा धरता, एक दिवस उशिरा. प्रेसिओझा, म्हणजे फेलिस्मिनाची नणंद, हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बरोबर दिवस आम्हाला ठाऊक आहे, साहेब. त्या दिवशी आम्ही सॉसेज तळतो."

रब्बींना हसावं की रडावं कळेना. पुरुष बरोबर दिवसाकडे गेले. या चौघी अकराव्यावर राहिल्या: फेलिस्मिना, प्रेसिओझा, शिवणकाम करणारी ब्रांका आणि तिची धाकटी बहीण ओलिंदा. चौघींच्या पाठीमागे कुणी नव्हतं. प्रेसिओझानं लग्न केलं नाही. ब्रांकाच्या मुली फ्रान्समध्ये गेल्या आणि तिथे त्यांना देवापेक्षा बसची वेळ महत्त्वाची झाली. ओलिंदाला मूल नव्हतं. फेलिस्मिनाला एकच मुलगा, अबीलियू.

आणि प्रार्थना मुलाला द्यायच्या नसतात. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो उंबऱ्याइतका पक्का. पुरुष दारूच्या दुकानात बसतात, पुरुषांना मित्र असतात. प्रेसिओझा म्हणायची, पुरुषाच्या पोटात वाइन आणि गुपित एका वेळी मावत नाही, एक आत गेलं की दुसरं बाहेर.

तरी फेलिस्मिनानं अबीलियूला शिकवल्या. तो मिसरूड न फुटलेला पोरगा असताना, हिवाळ्याच्या संध्याकाळी, ती सदऱ्यांना इस्त्री करायची आणि तो शेजारी घड्या घालायचा, तेव्हा. एक घडी, एक ओळ. पोरगं हुशार, एकदा ऐकलं की धरायचं. वात कशी वळायची, चंद्र कुठून मोजायचा, दिवस का सरकवायचा. प्रेसिओझाला कळलं तेव्हा ती महिनाभर वहिनीशी बोलली नाही. मग बोलली ती एवढंच, की मुलगी झाली नाही म्हणून मुलाला झगा घालतेस होय? फेलिस्मिना म्हणाली, माझ्याबरोबर मातीत गेल्या तर कुणाच्या कामाच्या? नणंदेनं खांदे उडवले.

अबीलियू मोठा झाला, तालुक्याच्या शाळेत शिकला, बाजारात उभं राहायची त्याला लाज वाटू लागली. त्याला पुस्तकं हवी होती, पण पुस्तकांना तो फारसा हवा होता असं नाही. दोनदा परीक्षा देऊन परत आला. लग्न जमत होतं ते मोडलं. मग नगरपालिकेनं जुनं सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनाघर, दुरुस्त करून संग्रहालय केलं, तेव्हा त्याची किल्ली आणि तिकिटाची खिडकी त्याच्याकडे आली. त्या दिवशी त्यानं आईला सांगितलं की मला माझी जागा सापडली. ते खरंही होतं.

फेलिस्मिनाला ती जागा वेगळ्या रूपात ठाऊक होती. तिच्या लहानपणी तिथे वाण्याचं तेलाचं कोठार होतं. बाटली घेऊन तिला तिकडे पिटाळत. त्याआधी तिथे गवत भरायचे, त्याच्याआधी तुरुंग, आणि त्याच्याही आधी, पाचशे वर्षांमागे, तिच्याच रक्ताची माणसं तिथे उघड्या तोंडानं प्रार्थना करायची. तेल विकत घेताना तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. फक्त आई बाहेरच थांबायची आणि दाराकडे पाठ करून उभी राहायची.

दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा आत गेली तेव्हा चुन्याचा वास होता. चार दगडी खांब, वर कमानी, आणि फरशी इतकी स्वच्छ की पाय टाकायला भीती. ती आपली सवयीनं हळूच म्हणाली, "गार आहे इथे." आणि तिचेच शब्द चारी कोपऱ्यांतून, भरून, गोल होऊन परत आले. ती दचकली. अबीलियू हसला. वर बोट दाखवून म्हणाला, कोपऱ्यांत भिंतीच्या आत मडकी बसवली आहेत, उपडी, बांधतानाच. आवाज विरू नये म्हणून.

ती बराच वेळ त्या कोपऱ्यांकडे बघत राहिली. ज्यांनी ही मडकी भिंतीत बसवली त्यांना कुजबुजायचं नव्हतं, एवढं तिला कळलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली, आणि ती तिनं पुढे जेरोनिमूच्या आजारपणात, त्याच्या मयतीनंतरच्या रिकाम्या दिवसांत, व्हॅन विकताना, कधीच खाली ठेवली नाही. मरायच्या आधी एकदा, शुद्ध दिवशी, त्या खोलीत, बाजारातल्या आवाजात प्रार्थना म्हणायची. एकदाच. आणि कुणी बघायला नको.

अबीलियूला तिनं हे सांगितलं तेव्हा तो सूप पीत होता. त्याचा चमचा थांबला. संग्रहालयाचं बरं चाललं नव्हतं. लोक यायचे, चार खांब बघायचे, काचेतली दोन नाणी बघायचे आणि विचारायचे की एवढंच? नगरपालिकेत कुजबुज होती की किल्ली वाचनालयाच्या शिपायाकडे द्यावी, वेगळा माणूस कशाला. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण तिनं ते वाचलं नाही. तिला वाटलं, पोराला गहिवरून आलंय.

"दार बंद पाहिजे," ती म्हणाली.

"बंद करतो."

"आत कोणी नको. तूसुद्धा नको. बाहेर बस."

"बाहेर बसतो, आई."

"बघ हं. प्रेसिओझाला मी काय सांगू?"

"तिला सांग, भाच्यानं शब्द दिलाय."

प्रेसिओझा ऐकायला तयार नव्हती. मागची खोली काय वाईट आहे, तिथे चार पिढ्यांचा श्वास आहे, ती म्हणाली. ओलिंदाला दम लागायचा, ती चढ कशी चढणार. ब्रांका म्हणाली, तिला मी ढकलत नेईन, मला ती मडकी ऐकायची आहेत. ओलिंदा म्हणाली, मेल्यावर तर नेणारच आहात ढकलत, थोडी सवय होईल. मग हसण्यावारी गेलं आणि प्रेसिओझाही हसली, आणि हसली म्हणजे कबूल झाली.

त्या वर्षीचा दहावा दिवस गेला. चौघींनी खिडक्या उघड्या टाकून सॉसेज तळलं, प्रेसिओझाच्या अंगणात मोठ्यानं गप्पा मारल्या, आणि सूर्य कलताच तोंडं धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गावाचा बाजार नव्हता आणि गल्ली मोकळी होती, तेव्हा त्या एकेक करून चढ चढल्या. अबीलियूनं दार उघडून दिलं. इस्त्रीचा सदरा, केस बसवलेले. त्यानं आईच्या गालाचा मुका घेतला. "मी बाहेर आहे," म्हणाला. दार ओढून घेतलं.

आत उजेड फक्त उंच खिडक्यांतून. पश्चिमेच्या भिंतीला एक जाड पडदा होता, त्याच्यामागे खोदकामात सापडलेली बाजूची खोली, तिला मागच्या गल्लीतून वेगळं दार. तिथे अजून काम चालू आहे असं अबीलियू म्हणायचा. चौघी खांबांच्या मध्ये बसल्या. ब्रांकानं वाडग्यात तेल ओतलं, वात पेटवली. पांढरी फडकी बांधली. कुणीच सुरुवात करेना. इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडायचं म्हणजे चोरी केल्यासारखं.

मग फेलिस्मिनानं ओठ पुसले, जणू कांद्याचं ते बोट काढून टाकलं, आणि पहिली ओळ म्हटली. बाजारातल्या आवाजात नाही, अजून नाही. पण बोलल्याच्या आवाजात. आणि कोपऱ्यांनी ती उचलली.

दुसरी ओळ तिनं चढवली. तिसरी आणखी. आता ब्रांका, आता प्रेसिओझा, आणि ओलिंदा दम लागत लागत. वरची मडकी भरत होती आणि ओतत होती. चार म्हाताऱ्यांच्या तोंडून चाळीस माणसं बोलताहेत असं वाटत होतं. फेलिस्मिनाला रडू आलं नाही. तिला वाटलं, आपण आजवर लग्न, बाळंतपण, मयत, सगळं खालच्या आवाजात केलं. देवाचं नाव आलं. तिनं छाती भरून घेतली आणि ते म्हटलं, असं म्हटलं की पलीकडच्या डोंगरावरच्या बाजारातही ऐकू जावं.

अदोनाय परत आलं. आणि त्याच्यापाठोपाठ एक हुंदका आला.

चौघी थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. चौघींचे डोळे कोरडे होते. हुंदका पुन्हा आला, दाबलेला, नाक ओढल्याचा, आणि कुणीतरी त्याला हळूच गप्प करत होतं. मडक्यांना आपलं परकं कळत नाही; त्यांनी तोही तितक्याच प्रेमानं चारी बाजूंना पोचवला.

पडदा हलला नव्हता. पण तो फरशीच्या हातभर वर संपत होता, आणि त्याच्याखाली बूट दिसत होते. पुष्कळ बूट.

पुढचं कुणी ठरवलं नाही. शुद्ध दिवशी प्रत्येक बाईच्या ॲप्रनच्या खिशात पत्त्यांचा जोड असतो. आया देतात, फडक्याबरोबरच. कुणी अचानक दार लोटलं, तर बायका उपाशी पोटी प्रार्थना करत नसतात, बायका पत्ते कुटत असतात. फेलिस्मिनाच्या आयुष्यात हा जोड कधी बाहेर काढायची वेळ आली नव्हती. ब्रांकानं वातीवर तळवा ठेवला, दुसऱ्या हातानं जोड काढला आणि पिसलासुद्धा. चार हातांत पानं आली. प्रेसिओझानं डोक्यावरचं फडकं ओढून मांडीवर पसरलं, त्यावर पहिलं पान आपटलं. "हुकूम बदाम," ती ओरडली. "आणि वहिनी, मागल्या वेळेसारखी चोरी नको."

"चोरी करायला तुझ्याकडे आहे काय?" फेलिस्मिना म्हणाली. तिचा आवाज बाजारातला होता.

पडदा सरकला. तीसेक माणसं होती. म्हातारीच जास्त, पांढऱ्या टोप्या, गळ्यात कॅमेरे. काहींनी ते मुकाट झाकले. कित्येकांचे डोळे लाल झाले होते. बसनं आली होती. काल राजधानीत त्यांनी आपला उपास केला होता, बरोबर दिवशी, बरोबर पुस्तकातून, म्हणून तर आज त्यांना प्रवास करता आला. एवढं सगळं जुळवून आणायला ज्याला दोन्ही दिवस ठाऊक आहेत असाच माणूस लागतो. तो त्यांच्या पुढे उभा होता. इस्त्रीचा सदरा.

"आई," अबीलियू म्हणाला. "आई, चालू ठेवा. हे आपलेच लोक आहेत. कुणी काही करणार नाही."

"माझं पान कुणी खाल्लं?" ओलिंदा विचारत होती.

गर्दीतून एक बाई पुढे आली. हुंदका तिचाच असावा. ती फेलिस्मिनाच्या वयाची, बारीक, हातात रुमाल चुरगळलेला. ती खाली बसली, गुडघे दुखत असताना बसतात तशी, आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली की माझी आजी असंच काहीतरी म्हणायची, मी लहान होते, मला आता शब्द आठवत नाहीत. आम्हीही यहुदी आहोत. तुमच्यासारख्याच.

तिनं फेलिस्मिनाच्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता. फेलिस्मिनाला तो आवडला, हे तिनं पुढे कधी प्रेसिओझालाही सांगितलं नाही. तिनं तो हात सावकाश उचलला आणि बाईच्या मांडीवर परत ठेवला.

"बरं आहे हो बाई," ती म्हणाली. "आम्ही ख्रिस्ती. इथे गार असतं म्हणून बसतो."

आणि तिनं छातीवर क्रूस केला. तिच्या पाठोपाठ तिघींनी केला. एकही बोट चुकलं नाही.

लोक हळूहळू बाहेर पडले. कुणीतरी अबीलियूला विचारत होतं, हे काय झालं, त्या काय म्हणाल्या? तो काहीतरी सांगत होता. शेवटी ती बारीक बाई एकटी दारात उभी राहिली, मग तीही गेली. चौघींनी डाव पुरा केला. प्रेसिओझा जिंकली. वाडग्यातलं तेल फरशीवर सांडलं होतं, ते तिनं आपल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून काढलं. ब्रांकाचा तळवा भाजला होता आणि ती तो सारखा फुंकत होती.

उतारावर प्रेसिओझा वहिनीच्या बाजूनं चालत होती. तिनं एकच शब्द उच्चारला, चुगलखोर. हा शब्द त्यांच्यात सहसा कुणाला लावत नाहीत. ज्यांच्या सांगण्यावरून माणसं चौकात जाळली गेली, त्यांना लावतात. फेलिस्मिनाची चप्पल दगडावर अडखळली. उपास मात्र चौघींनी अंधार पडेपर्यंत पुरा केला, आपापल्या घरी, आपापली खिडकी लावून.

अबीलियू रात्री घरी आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. तो बोलत राहिला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणाला त्रास झाला नसता, ते लोक पडद्यामागे गप्प बसणार होते, आईला कळलंही नसतं. आणि आता कोण आहे आपल्याला जाळायला, आई? उलट लोक हात जोडून येतात. ते ऐकायला समुद्र ओलांडून येतात. तुम्ही चौघी गेलात की हे सगळं संपणार, मग मी त्या रिकाम्या खोलीत काय दाखवू, मडकी?

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू त्यांना दिवस सांगितलास."

"दिवस सगळ्या जगाला ठाऊक आहे. कॅलेंडरात छापलेला असतो."

"तो कालचा. आजचा आम्हाला ठाऊक होता. आणि तुला."

तो तिच्या बाजूला बसायला आला, पण ती उठली होती आणि भांड्यांत काहीतरी शोधत होती, जे तिथे नव्हतं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. ती त्याचे सदरे धूत होती, इस्त्री करत होती. तो संग्रहालयात जात होता. किल्ली त्याच्याकडेच राहिली. बसमधून आलेल्या लोकांनी ऐकायचे म्हणून दिलेले पैसे परत मागितले नाहीत असं कळलं. काही महिन्यांनी तो चौकापलीकडे वेगळ्या खोलीत राहायला गेला, रविवारी जेवायला यायचा. बोलायला विषय असायचे: हवा, ओलिंदाचा दमा, फ्रान्सहून ब्रांकाच्या मुलीनं पाठवलेला हीटर. एक विषय नसायचा. चार खांबांच्या त्या खोलीत ती पुन्हा गेली नाही. बाजाराच्या दिवशी तिथून जायची वेळ आली, की ती दाराकडे पाठ करून वळायची.

उन्हाळ्यात ओलिंदा गेली. पत्त्यांना आता चौथा गडी नव्हता. ऑगस्टच्या शेवटी तिघी प्रेसिओझाच्या माळ्यावर भेटल्या, चेस्टनटच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये. दिवस सरकवायचा हे कुणाला सांगावं लागलं नाही. एकीनं म्हटलं, बारावा, आणि बाकीच्या दोघींनी मान हलवली. पाचशे वर्षांमागची ती बाईसुद्धा अशीच कुठल्यातरी माळ्यावर बसली असेल. फक्त तेव्हा दिवस कुणापासून लपवायचा, याचं उत्तर सोपं होतं. प्रेसिओझा वहिनीकडे बघत होती. "तुझ्या तोंडून निघालं तर?" तिनं विचारलं. फेलिस्मिना म्हणाली, "माझं तोंड मला एकदा भोवलंय."

दहावा दिवस झाला, सॉसेज तळून. अकराव्या दिवशीही तिनं खिडकी उघडी ठेवली आणि तळलं. अबीलियू चौकातून दोनदा गेला, तिनं पाहिलं. संध्याकाळी तिनं तोंड धुतलं.

बाराव्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. तो रविवार नव्हता. अबीलियू दारात होता, हातात काही नाही. असाच आलो, म्हणाला. बसला. टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिला, जे मुळात तिथे फारसे नव्हतेच.

"जेवलीस, आई?"

चूल थंड होती. धुराड्यातून धूर नव्हता. तिला आठवलं की ती आंघोळ करून धुतलेला झगा घालून बसली आहे.

"तुझीच वाट बघत होते," ती म्हणाली. "कालचं सूप आहे, ऊन करते."

तिनं काडी ओढली. पातेलं ठेवलं. कोबीच्या पाल्याचं सूप, त्यात सॉसेजच्या चकत्या. सूप तापेपर्यंत दोघंही त्या पातेल्याकडे बघत होते. तिनं दोन बशा भरल्या, पाव तोडला, त्याच्यासमोर बसली. पहिला चमचा तिनं तोंडात घातला तेव्हा तिची जीभ कोरडी होती आणि सूप लाकडासारखं लागलं. तिनं ते गिळलं. दुसरा घातला. सॉसेजची चकती चावली, त्याला दिसेल अशी. तिच्या घराण्यातल्या बायका पाहणाऱ्यांसमोर अशाच चावत आल्या होत्या.

अबीलियू बघत होता. तिच्या चमच्याकडे, तिच्या गळ्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं. "म्हणजे आज नाही," तो हलकेच म्हणाला, तिला नाही, स्वतःला. त्यानं चमचा उचलला.

आणि तो जेवू लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तो वाकला, आणि त्याचा श्वास तिच्यापर्यंत आला. तो वास तिला लहानपणापासून ठाऊक होता; मिटलेल्या खिडक्यांच्या खोलीत चार उपाशी बायकांच्या तोंडाला संध्याकाळपर्यंत येतो तो. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो भराभर खात होता, जसं आदल्या संध्याकाळपासून पाणीही न घेतलेला माणूस खातो. दिवस त्यानं ओळखला होता. तिनंच शिकवलं होतं त्याला चंद्र मोजायला.

उपास धरून, आईजवळ बसायला आला होता? की उपास धरला तर आई दार उघडेल, बोलेल, जागा सांगेल, म्हणून? तिनं त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. पूर्वी तिला हा चेहरा वाचता येतो असं वाटायचं.

त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. त्याचा चमचा धरला असता तरी पुरलं असतं. तिचा हात टेबलावरच होता, त्याच्या बशीपासून जवळ.

"आणखी घे," ती म्हणाली, आणि पळीनं त्याच्या बशीत वाढलं.